बेन्व्होलिओची जबानी

‘रोमिओ अँड ज्युलिएट’ म्हटले की सज्जा आठवतो, विषाची कुपी आठवते आणि वेळेवर न पोहोचलेले पत्र आठवते. त्या पत्रावरूनच या नाटकाला कमी लेखण्याची एक रीत पडून गेली आहे. ऑथेल्लो संशयाने गेला, मॅक्बेथ हावेने गेला, लिअर अहंकाराने गेला. ही दोन पोरे मात्र टपालाच्या घोळाने गेली, असा त्या रीतीचा सूर असतो. योगायोगावर उभी असलेली शोकांतिका दुय्यम, असे एकदा ठरवले की नाटकातले काव्य तेवढे वाखाणायचे आणि पुढे जायचे.

मला हे पटत नाही. न पटण्याचे कारण तिसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात आहे. हा प्रवेश नाटकाला कलाटणी देतो हे सगळेच सांगतात. मर्क्युशिओ मरतो, टिबल्ट मरतो, रोमिओ हद्दपार होतो, तेव्हा कलाटणी उघडच आहे. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. कलाटणी तलवारीत नाही, ती एका न उच्चारलेल्या वाक्यात आहे. आणि त्या वाक्याचा माग काढायचा तर प्रवेशाचा जो भाग बहुधा कापला जातो, तोच नीट वाचावा लागतो.

माझे इंग्रजीचे शिक्षण शाळेपुरतेच. शेक्सपिअर मी चाळिशीच्या आसपास, नोकरी सांभाळून, जाडजूड कोश मांडीशी घेऊन वाचायला घेतला. परीक्षेला काय येते आणि काय सोडून द्यायचे हे सांगणारे कुणी नव्हते. त्यामुळे जे सोडून द्यायची पद्धत आहे तेही वाचले गेले. या प्रवेशाच्या साधारण दोनशे ओळी आहेत. त्यांतल्या शेवटच्या साठेक ओळींत कुणी तलवार उपसत नाही. रस्त्यावर दोन प्रेते पडलेली आहेत आणि नगराचा अधिपती एस्कलस पंचनामा करतो आहे. मी पाहिलेल्या दोन-तीन प्रयोगांत रोमिओ पळून गेला की दिवे जायचे आणि हद्दपारीची बातमी पुढच्या प्रवेशात दाईच्या तोंडून कळायची. वेळ वाचतो, हे खरे. पण नाटकाचा कणा तिथेच मोडतो.

आधी घटना थोडक्यात सांगतो. जुलै महिना, भर उन्हाची वेळ. रोमिओ आणि ज्युलिएट यांचे लग्न फ्रायर लॉरेन्सच्या मठीत नुकतेच लागले आहे आणि ते फ्रायर व दाई सोडून कुणालाही ठाऊक नाही. बेन्व्होलिओ मर्क्युशिओला घरी चलण्याची विनवणी करतो; ऊन तापले आहे, कॅप्युलेटची माणसे बाहेर फिरताहेत, गाठ पडली तर भांडण चुकणार नाही. मर्क्युशिओ ऐकत नाही. टिबल्ट येतो. त्याला मर्क्युशिओशी कर्तव्य नाही, त्याला रोमिओ हवा आहे. रोमिओ येतो, अपमान गिळतो, लढायला नकार देतो. मर्क्युशिओला ते सहन होत नाही, तो तलवार उपसतो. रोमिओ दोघांच्या मध्ये पडतो आणि त्याच्या हाताखालून टिबल्टचे पाते मर्क्युशिओच्या अंगात शिरते. मर्क्युशिओ मरतो. रोमिओ टिबल्टला मारतो आणि पळतो.

शेक्सपिअरला ही गोष्ट आयती मिळाली होती. आर्थर ब्रुक याचे ‘रोमिअस अँड ज्युलिएट’ हे दीर्घकाव्य 1562 मध्ये छापले गेले होते आणि नाटकाचा बराचसा सांगाडा त्यातलाच आहे. म्हणूनच दोन्ही शेजारी ठेवून वाचण्यात अर्थ आहे. नाटककाराने जिथे मूळ गोष्ट मोडली तिथे त्याला काही हवे होते असे समजायला हरकत नाही. ब्रुकच्या काव्यात लग्न झाल्यावर नवराबायको महिना-दोन महिने रात्री चोरून भेटत राहतात, सुखात असतात. मग ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी दोन घराण्यांची रस्त्यात मारामारी होते. रोमिअस ती सोडवायला जातो, टिबल्ट त्याच्यावरच वार करतो आणि रोमिअस स्वतःला वाचवताना त्याला मारतो. मर्क्युशिओ त्या मारामारीत नाहीच. ब्रुककडे तो फक्त मेजवानीत दिसतो: ज्युलिएटच्या एका बाजूला बसलेला, बर्फासारख्या गार हातांचा एक दरबारी. तेवढेच त्याचे काम.

म्हणजे शेक्सपिअरने तीन गोष्टी बदलल्या. महिना-दोन महिन्यांचा संसार त्याने एका तासावर आणला. मेजवानीतल्या त्या गार हातांच्या माणसाला त्याने रोमिओचा जिवलग मित्र केले आणि रोमिओच्याच हाताखाली मारले. आणि स्वसंरक्षणाचा सूड केला. (ज्युलिएटचे वयही ब्रुककडच्या सोळावरून त्याने चौदाच्याही आत आणले, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) ब्रुकचा रोमिअस कायद्याच्या भाषेत जवळजवळ निर्दोष आहे. शेक्सपिअरने जाणूनबुजून त्याला दोषी केले. ज्याला निव्वळ दुर्दैवाची गोष्ट सांगायची आहे त्याने हे कशासाठी करावे? ब्रुकची मांडणी दुर्दैवाला जास्त सोयीची होती.

आता त्या एका तासाकडे पाहू. टिबल्ट हा ज्युलिएटचा मामेभाऊ. त्याचे प्रेत पाहून ज्युलिएटची आई आपल्या भावाच्या लेकराच्या नावाने टाहो फोडते, त्यावरून हे नक्की होते. इंग्रजीत अशा सगळ्या नात्यांना एकच शब्द पुरतो. आपल्याकडे नाते कोणत्या अंगाने लागले हे शब्दातच कळते. तासाभरापूर्वी रोमिओ आणि टिबल्ट एकमेकांचे वैरी होते. आता टिबल्ट रोमिओचा मेहुणा आहे. हे रोमिओला ठाऊक आहे, प्रेक्षकांना ठाऊक आहे, आणि रंगमंचावर उभ्या असलेल्या दुसऱ्या एकाही माणसाला ठाऊक नाही.

टिबल्ट त्याला भर रस्त्यात नीच म्हणतो आणि एकेरीत म्हणतो. शेक्सपिअरच्या काळच्या इंग्रजीत आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखा भेद शिल्लक होता. आजच्या इंग्रजीतून तो गेला आहे, त्यामुळे इंग्रज वाचकाला तळटीप लागते. मराठी वाचकाला ती लागू नये. मर्क्युशिओशी बोलताना टिबल्टच्या तोंडी बहुतेक वेळ अहो-जाहो आहे, ‘महाशय’ आहे. रोमिओ समोर आला की तो सरळ ‘तू’वर येतो. हा ‘तू’ कानाखाली मारल्यासारखा आहे. रोमिओही ‘तू’नेच उत्तर देतो. पण त्याचा ‘तू’ निराळा आहे. तो सांगतो की तुझ्यावर माया करायला माझ्याकडे कारण आहे आणि त्या कारणापोटी मी हे बोलणे सोडून देतो. कॅप्युलेट हे नाव मला माझ्या नावाइतकेच प्रिय आहे असेही तो म्हणतो. एकच सर्वनाम, एकाच्या तोंडी भांडणातले, दुसऱ्याच्या तोंडी घरातले. मंगेश पाडगावकरांनी हे नाटक मराठीत आणले, तेव्हा भाषेने निदान या ठिकाणी तरी अनुवादकाला हात दिला असणार. दोन्ही अर्थांचा ‘तू’ आपल्याकडे रोजच्या वापरात आहे.

कारण आहे, असे रोमिओ म्हणतो. कोणते, ते सांगत नाही. हेच ते न उच्चारलेले वाक्य. ‘मी तुझा मेहुणा आहे’ एवढे चार शब्द.

ते त्याने उच्चारले असते तर? टिबल्ट शांत झाला असता असे मला वाटत नाही. आपल्या घरची मुलगी शत्रूने चोरून नेली असेच त्याने धरले असते आणि पाते आणखी त्वेषाने उपसले असते. मुलगी त्या क्षणी बापाच्या घरात आहे; वाक्य रस्त्यावर पडले की ते तिच्या अंगणात पोहोचायला किती वेळ लागणार? रोमिओ गप्प बसतो ते भित्रेपणाने नव्हे. प्रेमाला इथे गुपित हवे आहे आणि इभ्रतीला इथे साक्षीदार हवे आहेत. बेन्व्होलिओ म्हणतोच की एकांतात तरी चला, इथे सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत. मर्क्युशिओचे उत्तर असे की नजरा बघण्यासाठीच असतात, बघू देत. या दोन गोष्टी एका रस्त्यावर एका वेळी नांदू शकत नाहीत, आणि शेक्सपिअरने त्या आणून नेमक्या एका तासात एका रस्त्यावर उभ्या केल्या. ब्रुकच्या महिना-दोन महिन्यांत ही कोंडी इतकी घट्ट झाली नसती.

मर्क्युशिओला दिसते ते एवढेच की आपल्या मित्राने लाज सोडली. तो मरतो तोपर्यंत त्याची समजूत अशीच आहे की रोमिओ अजून रोझलाइनच्याच मागे झुरतो आहे. ज्युलिएटचे नावही त्याच्या कानावर पडलेले नाही. मरतानाही तो शब्दांचे खेळ करतो, उद्या मला शोधलेत तर मी फार गंभीर झालेलो असेन अशा अर्थाची कोटी करतो, तिच्यातल्या मूळ शब्दाचा दुसरा अर्थ थडगे. पण त्या कोट्यांमधून एक प्रश्न तो सरळ विचारतो: तू मध्ये कशाला पडलास? रोमिओचे उत्तर दुबळे आहे. भल्यासाठीच केले असे काहीसे तो पुटपुटतो. मित्र डोळ्यांदेखत जातो आहे, खरे सांगायची ती अखेरची वेळ आहे, आणि तरी ते वाक्य बाहेर येत नाही. मर्क्युशिओ दोन्ही घराण्यांना शाप देत जातो. कुणासाठी मेलो हे न कळता जातो.

पात्याच्या त्या वाराविषयी एक बारकावा. नाटकाची 1597 ची पहिली छापील प्रत, म्हणजे पहिला क्वार्टो, सदोष मानला जातो. पण त्यात एक रंगसूचना आहे जी 1599 च्या अधिक भरवशाच्या प्रतीत नाही. रोमिओच्या हाताखालून टिबल्ट मर्क्युशिओला भोसकतो आणि पळतो, असे तिथे स्पष्ट लिहिलेले आहे. प्रयोग पाहिलेल्या कुणाच्या तरी आठवणीतून ती सूचना आली असावी असे अभ्यासक धरतात आणि मला ते पटते, कारण बघणाऱ्याच्या लक्षात राहील ते हेच. भांडण सोडवायला पसरलेला हातच वाराला आडोसा झाला.

इंग्रज कवी ड्रायडन याने 1672 मध्ये एक आख्यायिका नोंदवली आहे. मर्क्युशिओला तिसऱ्या अंकात मारले नसते तर त्याने मलाच मारले असते, असे शेक्सपिअर म्हणाल्याचे सांगतात. म्हणजे पात्र इतके वरचढ झाले की त्याला काढावेच लागले. गंमत म्हणून ठीक आहे. पण ब्रुक वाचल्यावर उलटे दिसते. मर्क्युशिओ मरण्यासाठीच घडवला गेला. तोवर नाटकात मुखवट्यांचा नाच आहे, वाचाळ दाई आहे, आडवे येणारे आईबाप आहेत. सुखान्त नाटकाचे सारे सामान जमलेले आहे. तो गेला की नाटकातले हसू जवळपास संपते. पुढे दाई बोलत राहते, गवई आणि नोकर थट्टा करतात, पण ऐकणाऱ्याला आता हसू येत नाही.

आणि मग रोमिओ तो शब्द उच्चारतो ज्यावर मला सर्वांत जास्त थांबावेसे वाटते. ज्युलिएटच्या रूपाने मला बायकी केले, माझ्या धाडसाचे पोलाद मऊ पाडले, असे तो म्हणतो. मित्र अजून मेलेला नाही, आत नेला आहे, आणि एका तासापूर्वी पत्करलेल्या नात्याला हा माणूस दुबळेपणा म्हणतो आहे. कोणती शक्ती त्याच्याकडून हे वदवते? ग्रह नव्हेत. पुरुषाने कसे असावे याविषयी त्या रस्त्याने ठरवलेली व्याख्या त्याच्या तोंडून बोलते. टिबल्ट तीच मानतो, मर्क्युशिओही तीच मानतो, आणि सज्ज्याखाली ज्याने आपले नावसुद्धा टाकून द्यायची तयारी दाखवली होती तो रोमिओही अखेर तिच्यापुढे मान तुकवतो. टिबल्टला मारल्यावर मात्र तो दैवाला बोल लावतो, मी दैवाचा खुळा आहे म्हणतो. योगायोगाची फिर्याद करणाऱ्या टीकाकारांनी रोमिओचे हे वाक्य प्रमाण मानले आहे. आरोपीचे निवेदन इतक्या सहज मानायचे कारण नाही. प्रत्येक पायरीवर कुणी काय निवडले, हे आपण दोन मिनिटांपूर्वीच पाहिलेले असते.

आता तो वगळला जाणारा पंचनामा. अधिपती विचारतो, भांडण कुणी सुरू केले? बेन्व्होलिओ जबानी देतो. ती मी अनेकदा आधीच्या संवादांशी ताडून पाहिली आहे. तो खोटारडा नाही, पण त्याच्या जबानीत पहिले पाते टिबल्टचे आहे. मर्क्युशिओने आव्हान दिले आणि तलवारही त्यानेच आधी उपसली, हे त्याने गाळले आहे. रोमिओ नम्रपणे, गुडघे वाकवून बोलला असे तो सांगतो. आणि रोमिओच्या नकाराचे कारण तो देतो ते हे, की अधिपतीच्या कोपाची त्याने आठवण करून दिली. हेही अर्धे खरे आहे. अधिपतीच्या मनाईचा उल्लेख रोमिओने केला खरा, पण दोघे लढू लागल्यावर, त्यांना सोडवताना. टिबल्टचा अपमान गिळताना त्याने जे कारण सांगितले होते, तुझ्यावर माया करायला कारण आहे, ते बेन्व्होलिओने शेजारी उभे राहून ऐकले आहे. जबानीत मात्र ते नाही. कसे असेल? त्याला त्या शब्दांचा अर्थच लागलेला नाही. ज्याचा अर्थ लागत नाही ते साक्षीदार सांगत नाही, आणि त्या जागी समजेल असे कारण ठेवतो. प्रेमाच्या जागी कायद्याचे भय येऊन बसते.

ज्युलिएटची आई उठून म्हणते की हा माँटेग्यूचा नातलग आहे, मायेपोटी खोटे बोलतो. वीसेक जण तुटून पडले होते आणि सगळ्यांनी मिळून एकाला मारले. वीस जण कुठेच नव्हते. एका बाजूने गाळलेले, दुसऱ्या बाजूने वाढवलेले, आणि खरी गोष्ट दोघांच्याही माहितीबाहेर. अधिपती उलटतपासणी घेत नाही. कुणी सुरू केले आणि कुणी भरपाई करायची, एवढेच त्याला हवे आहे. वैऱ्याशी रोमिओ इतका सौम्य का वागला, हा एक प्रश्न त्याने विचारला असता तर! पण ‘का’ हा शब्द त्या चौकशीत नाही. मर्क्युशिओ त्याचा स्वतःचा नातलग, तो स्वतःच दुखावलेला आहे. पहिल्या अंकात पुन्हा रस्त्यावर भांडाल तर जीव द्यावा लागेल असे त्याने बजावले होते; आता तो हद्दपारीवर थांबतो. ना धड न्याय, ना धड दया.

फ्रायर लॉरेन्स या चौकशीच्या वेळी हजर नाही. पण रोमिओ पळून त्याच्याच मठीत जातो, आणि तिथून अधिपतीकडे जाऊन लग्न जाहीर करणे फ्रायरला त्याच दिवशी शक्य होते. लग्न लावताना या नात्याने वैर मिटेल असा त्याचाच होरा होता. सांगायची वेळ आली तेव्हा त्याने बेत असा केला की रोमिओने मांतुआला जाऊन राहावे आणि योग्य संधी साधून लग्न पुढे जाहीर करू. ती संधी येत नाही. ज्युलिएटच्या बापाने मधल्या काळात पॅरिसशी तिचे लग्न ठरवले, गुंगीचे औषध आले, पत्र आले. शेवटच्या अंकात थडग्याशी फ्रायर चाळीसेक ओळींचे निवेदन करतो, जे प्रेक्षकाला आधीच माहीत असते. हे भाषण कंटाळवाणे म्हणून तेही बहुधा कापतात. मला ते तिसऱ्या अंकातली राहून गेलेली जबानी वाटते. अधिपती एस्कलस नाटकात तीनदाच येतो: पहिल्या अंकातल्या दंगलीत, या पंचनाम्यात आणि थडग्याशी. तिसऱ्या खेपेला त्याला पहिल्यांदा खरे ऐकायला मिळते, आणि आपण डोळेझाक केली म्हणून आपलेही दोन नातलग गेले, असे तो तेव्हा कबूल करतो.

राहिले ते पत्र. ते घेऊन निघालेला फ्रायर जॉन सोबतीसाठी दुसऱ्या एका फ्रायरला शोधायला गेला, रोगाच्या संशयावरून शोधपथकाने त्यांना घरात कोंडले आणि दारे बंद केली. रोग म्हणजे प्लेग. मर्क्युशिओने मरताना दोन्ही घराण्यांना दिलेला शाप याच प्लेगचा होता. नाटक साधारण 1595 च्या सुमाराचे. त्याआधी 1592 ते 1594 या काळात प्लेगमुळे लंडनची नाटकघरे बहुतेक वेळ बंद होती. त्या प्रेक्षकाला हा शाप म्हणजे नुसती बोलण्याची ढब वाटला नसणार. 1897 च्या पुण्याच्या गोष्टी आजी-आजोबांकडून ऐकलेल्या आपल्या पिढीलाही दार बंद करणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पत्र अडते ते त्या दुपारी उच्चारलेल्या शब्दामुळे, निदान नाटकाच्या रचनेत तरी.

शिवाय न मिळालेले पत्र हे नाटकात पहिल्यांदा येत नाही. त्याच सकाळी टिबल्टने रोमिओच्या बापाच्या घरी द्वंद्वाच्या आव्हानाचे पत्र धाडले होते. बेन्व्होलिओ आणि मर्क्युशिओ त्याविषयी बोलतात. रोमिओ समोर येताच मात्र थट्टामस्करी सुरू होते आणि पत्राची गोष्ट त्याला कुणी सांगितल्याचे नाटकात कुठे दिसत नाही. रात्रभर तो घरी नव्हता. म्हणजे दुपारी रस्त्यावर तो आला तो मठीतून, बेसावध.

या सगळ्याचा एकमेव साक्षीदार बेन्व्होलिओ. जबानी दिल्यानंतर तो पुन्हा रंगमंचावर येत नाही, कुणी त्याचे नावही घेत नाही. 1597 च्या प्रतीत शेवटच्या प्रवेशात रोमिओचा बाप जाता जाता सांगतो की बेन्व्होलिओही वारला. कसा, ते सांगत नाही. 1599 च्या प्रतीत ते वाक्यही नाही.